सरळ चालण्याचा सराव

आमच्या कुणालीचं लग्न झालं ते साल दोन हजार बावीस. वैशाख महिना. मुलगा म्हसा गावच्या बाजूचा, मुरबाडला कारखान्यात कामाला. मांडव आमच्याच पाड्यावर पडला होता. डोळखांबच्या पुढे डोंगराला टेकून आमची वीस-बावीस घरं. लग्नात सगळं नीट झालं, फक्त कन्यादानाच्या वेळी यांच्या हातातून तांब्या सुटला.

हे म्हणजे कुणालीचे वडील, कुंडलिक. भटजींनी पाण्याची धार सोडायला सांगितली. यांनी तांब्या चांगला घट्ट धरला होता, मी बाजूलाच बसले होते. मग यांनी मान वर करून पोरीच्या तोंडाकडं बघितलं आणि तांब्या खाली पडला. पाणी नवरदेवाच्या मांडीवर गेलं. उठताना यांचा झोक गेला आणि हे थेट विहीणबाईंच्या अंगावर कलंडले. वऱ्हाडातला एक जण हसून बोलला, "सासऱ्यानं सकाळीच घेतलीय."

पंगतीत माझी सासू, गोजर, जेवत होती. तिनं ते ऐकलं. हातातला घास ताटात ठेवला आणि ती उठली.

माझ्या सासऱ्यांना मी फार बघितलं नाही. माझं लग्न झालं आणि दोन वर्षांत ते मोहाच्या दारूनं गेले. पण सासूनं त्यांना अठरा वर्षं ओहोळातून, बांधावरून, बाजारातून उचलून घरी आणलं होतं. लग्नाचा मांडव उतरला त्या दिवशी ती आपली गोधडी घेऊन गणूच्या घरात गेली. गणू माझा धाकटा दीर. त्याचं घर आणि आमचं घर यांत एकच कुडाची भिंत. गणूची बायको प्रेमा बिचारी मधल्या मध्ये अडकली. जाताना सासू एवढंच बोलली, "दारुड्याच्या घरचं पाणी मी नाय पिणार. एकाचं पिऊन झालंय."

मी तिला जाऊन सांगितलं की मी यांच्या शेजारी झोपते, मला कधी वास आला नाही. तिनं माझ्याकडं बघितलं नाही. सुपातले खडे निवडत बोलली, "मी पण लोकांना हेच सांगायची."

मी उठून घरी आले.

हे काही पीत नव्हते. तंबाखूसुद्धा खात नव्हते. पण दोन-तीन वर्षं पाय बरोबर नव्हते. पायाखाली कोंडा पसरल्यासारखं वाटतं, असं हे सांगायचे. रात्री तळव्यांना सुया टोचायच्या आणि दिवसा काहीच कळायचं नाही. चालताना पाय आपटत टाकायचे, नजर सारखी खाली. लोकांना वाटायचं माणूस ओशाळून खाली बघतो. चहाच्या टपरीवर पोरं विचारायची, काय दादा, आज लवकर झाली वाटतं. रस्त्याच्या कामावर मुकादमानं चार बायांसमोर यांचं तोंड हुंगलं. वास नाही आला तरी परत पाठवलं, पिऊन कामावर नको म्हणून. हे घरी आले, घमेलं कोपऱ्यात ठेवलं आणि दिवसभर कोयत्याला धार लावत बसले. दुसऱ्या दिवशी मी त्याच कामावर गेले. घरात कोणीतरी जायला पाहिजे होतं.

भिंतीपलीकडून सासूचा खोकला ऐकू यायचा. मी नाचणीची भाकर थापली की प्रेमाच्या हाती एक पाठवायची. ती जशीच्या तशी परत यायची.

दुसऱ्या वर्षी चैत्रात आम्ही राब भाजायला गेलो. भाताचं रोप टाकायच्या जागेवर शेण, पालापाचोळा, कवळं म्हणजे झाडाच्या छाटलेल्या डहाळ्या, गवत असे थर देऊन वरून माती पसरतात आणि पेटवतात. वाऱ्याच्या उलट्या बाजूनं पेटवायचं, आग हळूहळू सरकली पाहिजे. हे हिरवी डहाळी घेऊन कडेनं आग दाबत होते. मी पाण्याचा हंडा आणत होते. आधी मला रबर जळल्याचा वास आला. वाटलं कोणी टायर टाकलाय. मग दुसरा वास आला. मटण भाजताना येतो तसा.

मी ओरडले तेव्हा यांनी खाली बघितलं. उजवी चप्पल वितळून निखाऱ्याला चिकटली होती आणि हे त्यावर उभे होते. चेहऱ्यावर काही नव्हतं. पाय उचलून त्यांनी तळवा बघितला, जसा दुसऱ्याचा कोणाचा बघावा. मग हळूच खाली बसले आणि बोलले, "हे मला नाय कळलं गो."

दवाखान्यात नवीन डॉक्टरीण आली होती, मनस्वी नावाची. वयानं आमच्या कुणालीएवढी. तिनं पाय धुतला, मलम लावलं, पट्टी बांधली. हे तोंड वाकडं न करता बसलेले बघून तिचेच हात थांबले. तिनं बरंच विचारलं, साखर तपासली, आणि एक चिठ्ठी लिहून नसांची तपासणी करायला कल्याणकडं पाठवलं. तिथं यांना खाटेवर झोपवून पायाला, हाताला तारा लावल्या आणि करंट दिला. मी बाहेर बसले होते. हे आल्यावर बोलले, हाताला थोडं मुंगी चावल्यासारखं झालं, पायाला काहीच नाही.

तो कागद मनस्वी डॉक्टरनं वाचला. नसांचा आजार आहे, जुना आहे. नसा वाळत चालल्यात, त्या परत हिरव्या व्हायच्या नाहीत, आहेत त्या जपायच्या. गोळ्या कायम. पाय रोज बघायचे, जखम झाली का ते. आणि तुम्ही दिव्यांगाचा दाखला काढून घ्या, असं तिनं सांगितलं. चाळीस टक्क्यांच्या वर आलं तर पेन्शन मिळते, एसटीचा पास मिळतो.

बाहेर आल्यावर हे चिडले. मला दोन हात हायत, दोन पाय हायत, मी कशाला लंगड्यांच्या रांगेत उभा राहू.

मी घरी येऊन सासूला सगळं सांगितलं. आजार आहे, दारू नाही, तारा लावून बघितलं. तिनं ऐकून घेतलं. मग बोलली, "डॉक्टरला तू जे सांगितलंस ते तिनं लिवलं. सरकारचा शिक्का असलेला कागद आण. मग येते तुझ्या घरी जेवायला."

हे भिंतीच्या अलीकडं होते. त्यांनी ऐकलं. दुसऱ्या दिवशी सकाळी स्वतःच बोलले, चल, त्या दाखल्याचं काय ते बघू. पेन्शनसाठी हा माणूस उठला नसता.

डोळखांबला रविना सेवा केंद्र चालवते. तिनं कॉम्प्युटरवर अर्ज भरला, फोटो काढला, अंगठा घेतला. तारीख मिळाली भाद्रपदातली, ठाण्याला. मधल्या काळात लावणी आली. चिखलाच्या पाण्यात यांना अजिबात उभं राहता येईना. खाचरात उतरले की दोन पावलांत बसायचे. शेवटी बांधावर बसून रोपाच्या मुठी बांधायचं काम त्यांनी घेतलं. लावणीला आलेल्या बाया एकमेकींकडं बघायच्या. त्यांच्या मनातलं मला कळत होतं.

आणि याच दिवसांत आम्ही सराव सुरू केला.

यांना कोणीतरी सांगितलं होतं की ठाण्याला साहेब लोक सरळ रेषेत चालायला लावतात, शर्टाची बटणं लावायला लावतात, खाली पडलेला रुपया उचलायला लावतात. यांच्या डोक्यात एकच. तिथं झोक गेला तर साहेब लिहिणार, माणूस दारू पितो. आणि मग शिक्का त्याच्यावर बसणार. म्हणून झोक जाऊ द्यायचा नाही. मला पण ते पटलं. आमच्याकडं तपासणी म्हणजे परीक्षाच. मी स्वतः साक्षरता वर्गाची परीक्षा देऊन आले होते, सरावाशिवाय पास होत नाही हे मला माहीत होतं.

अंगणात मी दोर टाकला. हे रोज सकाळी त्या दोरावरून चालायचे. नजर खाली, दोरावर. पहिल्या दिवशी चार वेळा बाजूला गेले. आठ दिवसांत एकदाही नाही. बटणांना पंधरा मिनिटं लागायची, ती तीनवर आली. रुपया उचलणं फार कठीण, पण मी त्यांना युक्ती सांगितली की नखानं कडेला ढकलायचा आणि मग दोन बोटांत धरायचा. पाऊस असला की घरात, ओटीवर. वीस दिवस आम्ही हे केलं. मी त्यांची मास्तरीण होते.

तारखेला यांनी कुणालीच्या लग्नातला पांढरा सदरा घातला. मोठ्या दवाखान्यात रांग लांब होती. कोणी काठीवर, कोणी खुर्चीवर, कोणाला पाठीवर घेतलेलं. यांना लाज वाटत होती की आपण उगाच या लोकांची जागा अडवतो. नंबर आला. साहेबांनी चालायला सांगितलं. फरशीच्या दोन रांगांच्या मधली काळी रेघ यांनी धरली आणि असे चालले की काय सांगू. वळले, परत आले. बटणं लावली. रुपया पहिल्या झटक्यात उचलला. साहेबांनी विचारलं, काम करता का? हे छाती काढून बोलले, करतो ना साहेब. साहेब बोलले, छान. आणि लिहिलं.

बाहेर आल्यावर आम्ही वडापाव खाल्ला. हे मला बोलले, तू होतीस म्हणून झालं. इतकं खुश मी त्यांना कुणालीच्या लग्नानंतर पहिल्यांदा बघितलं.

नवरात्रात रविनाचा निरोप आला. आम्ही दोघं गेलो. तिनं कागद काढला आणि बोलली, "मामा, अठरा टक्के आलेत."

यांनी विचारलं किती लागतात. चाळीस, ती बोलली. यांनी थोडा विचार केला आणि बोलले, "मग अजून सराव करायला पायजे होता."

रविना आमच्याकडं बघत राहिली. कसला सराव, तिनं विचारलं. मी सांगितलं, दोर, बटणं, रुपया. ती पोर बिचारी हसायचं की रडायचं त्यात अडकली. मग तिनं समजावलं की हे मार्क नव्हेत. जेवढं शरीर गेलं तेवढे टक्के. तुम्ही जेवढं चांगलं करून दाखवलं तेवढे टक्के कमी झाले.

हे तिथल्या बाकावर बसले. मी पण बसले. बाहेर जीपवाला शहापूर शहापूर करून ओरडत होता.

घरी आलो तेव्हा पाड्यावर आधीच कळलं होतं. सासू गणूच्या ओट्यावर बसली होती. तिनं यांना उभं केलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलली, "सरकारनंच सांगितलं माणूस धडधाकट हाय. मग झोक कशानं जातो रे तुझा?"

कागद यांच्या खिशात होता. ज्या कागदानं दारूचं नाव पुसायचं, त्यानंच ते पक्कं केलं. त्या दिवसापासून हे टपरीवर गेले नाहीत. कुणालीच्या सासरहून दिवाळीचं बोलावणं आलं, तिथंही गेले नाहीत.

कापणी मी, गणू आणि प्रेमानं केली. हे खळ्यावर बसून भारे मोजायचे. एक दिवस दुपारी काम संपवून हे अंगणातल्या दगडावर अंघोळीला उभे राहिले. मी चुलीजवळ होते, दारातून समोरच दिसत होतं. यांनी तोंडाला साबण लावला, डोळे मिटले आणि धाडकन कुडावर गेले. हे काही नवीन नव्हतं. किती वेळा तरी असं व्हायचं आणि हे बोलायचे, दगड बुळबुळीत हाय. मी दगड दोनदा घासला होता. पण त्या दिवशी दगड कोरडा होता. यांनी पाणी घेतलंच नव्हतं अजून, लोट्यातल्या चार थेंबांवर साबण लावला होता.

मी तशीच पिठाच्या हातानं बाहेर आले. मी बोलले, तोंड धुवा आणि इथं मातीत उभे राहा. हे उभे राहिले. पाय जुळवा, मी बोलले. जुळवले. माझ्याकडं बघून उभे होते, चांगले सरळ. मग मी बोलले, आता डोळे मिटा.

मिटले आणि माझ्या अंगावर आले. मी पण पडले. आम्ही दोघं अंगणात पडलो, यांच्या तोंडाला अर्धा साबण आणि माझ्या हाताला पीठ.

मला सगळं एकदम दिसलं. तांब्या सुटला तेव्हा यांनी पोरीकडं बघितलं होतं. चिखलात पाय दिसत नाहीत म्हणून हे बसतात. डोक्यावर भारा असला की खालचं दिसत नाही, म्हणून पडतात. दोर दिसत होता म्हणून दोरावरून चालले. हा माणूस डोळ्यांनी चालत होता. डोळ्यांनी धरत होता. पाय आणि हात कधीचे गेले होते.

त्याच दिवशी मी लिहायला बसले. रविनानं सांगितलं होतं की टक्के पटले नाहीत तर फेरतपासणीचा अर्ज करता येतो. ती टाइप करून देणार होती, पण मी बोलले, आधी मी लिहिते. माझी अक्षरं मोठी होती आणि ओळी खाली घसरायच्या. मी जे बघितलं तेवढंच लिहिलं. माझे पती डोळे उघडे असताना उभे राहतात. डोळे मिटले की पडतात. वस्तूकडं बघत असतील तर हातात राहते. दुसरीकडं बघितलं की पडते. चैत्रात निखाऱ्यावर उभे होते, कळलं नाही. मागच्या वेळी वीस दिवस सराव करून आले होते. तो सराव मी करून घेतला. चूक माझी आहे. रविनानं एक अक्षर बदललं नाही, तोच कागद अर्जाला लावला.

नवी तारीख जानेवारीतली आली. आणि हे बोलले, मी येणार नाही.

तिसऱ्या दिवशी मी विचारलं, का नाही. हे पेंढ्याचा दोर वळत होते. हातातल्या दोराकडं बघतच बोलले, "इथं जे लपवून मरतोय ते तिथं सगळ्यांसमोर करून दाखवू? साहेब लोकांसमोर झोकांड्या खाऊ?"

मी बोलले, "मागच्या वेळी साहेब खोटं नाय बोलले. खोटं तुमी बोललात. तुमच्या पायांनी खोटी साक्ष दिली, आणि मी शिकवली. आता खरं काय ते सांगून येऊ. पुढं ज्याला जे वाटायचं ते वाटू दे."

त्यांचा दोर वळायचा थांबला. मग हसले. बोलले, मास्तरीण लय कडक हाय.

या वेळी मी त्यांना पांढरा सदरा घालू दिला नाही. रोजचा घातला, आणि गणूची काठी बरोबर घेतली. या वेळी टेबलाला तीन डॉक्टर होते. मधल्या वयस्क बाई होत्या, केस पांढरे. त्यांच्यापुढं माझा कागद होता. त्यांनी तो शांतपणे वाचला, मग परत पहिल्यापासून वाचला. चष्म्यावरून माझ्याकडं बघितलं आणि यांना जवळ बोलावलं.

दार उघडं होतं. बाहेरची रांग आत बघत होती. बाईंनी सांगितलं, बाबा, काठी ठेवा, पाय जुळवून उभे राहा. हे उभे राहिले. आता डोळे मिटा.

यांनी मिटले नाहीत. माझ्याकडं बघितलं, दाराकडं बघितलं, मग बाईंना बोलले, "बाई, मी पडणार. पडलो तर दारू बोलू नका."

बाई उठून टेबलाच्या अलीकडं आल्या. त्यांनी दार लावून घ्यायला सांगितलं आणि बोलल्या, "इथं कोणीही असं म्हणणार नाही. मी तुमच्या मागे उभी आहे."

हे बोलले, "दार राहू दे उघडं."

आणि डोळे मिटले. रचलेल्या भाताच्या उडवीतून वरची पेंढी घसरावी तसे हे बाजूला गेले. बाई आणि शिपाई दोघांनी धरलं. परत उभं केलं, परत गेले. मग खुर्चीवर बसवून, डोळे मिटायला लावून, पायाचा अंगठा वर-खाली केला. आता वर आहे की खाली? हे बोलले, खाली. वर होता. आता? वर. खाली होता. एक लोखंडी चिमटा टेबलावर आपटून घोट्याला लावला. तो थरथरत होता ते मला लांबून दिसत होतं. यांना विचारलं, काही कळतं? हे बोलले, गार लागतंय का काय, नक्की नाय सांगता येत. मग तळहातावर एक रुपया ठेवला आणि विचारलं, हातात काय आहे? हे थोडा वेळ बोटं हलवत राहिले. रुपया तळहातावरच होता. मग बोलले, "काय नाय."

प्रत्येक चुकीच्या उत्तराला मला आतून बरं वाटत होतं पण नजर त्यांच्या हातांवर जात होती. तीस वर्षं त्या हातांनी मला काय काय आणून दिलं होतं.

बाईंनी डोळे उघडायला सांगितले. यांनी हातातला रुपया बघितला आणि तो उचलून बाईंना परत दिला, नखानं न ढकलता, सरळ. बाई बोलल्या, आजवर इतक्या प्रामाणिकपणे कोणी तपासणी दिली नाही. आणि आपलं लिहायला लागल्या.

आठवड्यात रविना स्वतः स्कूटीवरून पाड्यावर आली. बावन्न टक्के, कायमचे. खाली शिक्का. नसांच्या आजाराचं नाव इंग्रजीत होतं, तिनं त्याखाली पेन्सिलीनं मराठीत अर्थ लिहून दिला. माझ्या हातात कागद देऊन ती बोलली, "मामी, तुमी वाचा."

सकाळची वेळ होती, गणूच्या खळ्यावर उन्हाला सगळी बसलेली. सासू मधोमध. मी वाचलं. कुंडलिक अमुक अमुक, हात आणि पाय यांच्या नसांचा कायमचा आजार, तोल आणि स्पर्श जाणे, बावन्न टक्के. सासूनं कागद घेतला, उलटा केला, शिक्क्यावरून बोट फिरवलं. शिक्का खरा आहे हे तिला पटलं. पण ती बोलली, "ह्यात दारूचं कुठं लिवलंय? पीत नाय असं कुठाय?"

ते कुठंच नव्हतं. मी रविनाकडं बघितलं, रविनानं माझ्याकडं. सरकारचा कागद असलं काही लिहीत नाही.

तेव्हा हे उठले. काठी प्रेमाकडं दिली. खळ्याच्या मधोमध जाऊन उभे राहिले, जिथं सगळ्यांना दिसेल. बोलले, "गणू, माझ्या मागं ये. आये, तू नीट बघ."

पाय जुळवले आणि डोळे मिटले. गणूनं धरलं. खळ्यावर कोणी हसलं नाही.

"परत कर," सासू बोलली.

यांनी परत केलं. परत गणूनं धरलं. आता डोळे उघडे ठेवून उभा राहा, सासू बोलली. हे उभे राहिले. ती मनात काहीतरी मोजत असावी, तोंड हलत होतं. शंभरापर्यंत गेली असेल. हे हलले नाहीत. आता मीट. मिटले आणि पडले. पाच वेळा तिनं हे करायला लावलं. शेवटी प्रेमा बोलली, आत्याबाय, पुरं करा आता, माझ्या नवऱ्याची कंबर जाईल.

सासू उठली. यांच्याजवळ गेली, तोंड उघडायला लावलं आणि नाक लावून वास घेतला. मग मागं सरकून बराच वेळ आपल्या लेकाच्या पायांकडं बघत राहिली. भाजल्याचा डाग तिनं तेव्हा पहिल्यांदा बघितला.

"तुझ्या बापाला डोळं उघडं असताना पण उभं राहता येत नव्हतं," ती बोलली.

एवढंच. पाड्यावर यापेक्षा मोठा निकाल कोणाला देता आला नसता. अठरा वर्षं दारुडा उचललेल्या बाईनं तो दिला होता. हे तिथंच खाली बसले. रडले की काय ते मी बघितलं नाही, कारण सासू माझ्याकडं वळली होती.

"काय शिजवलंयस गो?" तिनं विचारलं.

मी सांगितलं, नाचणीची भाकर आणि वालाचं कालवण. तिखट जास्त झालं असंल, ती बोलली आणि आमच्या घराकडं चालायला लागली. मी पुढं पळाले. पावणेदोन वर्षांनी ती आमच्या चुलीपुढं बसली. दोन भाकरी खाल्ल्या. कालवण खरंच तिखट होतं, ते तिनं मला तीनदा सांगितलं. संध्याकाळी गोधडी घेऊन आली आणि आपल्या जुन्या जागेवर पसरली.

पुढं तर उलटंच झालं. म्हशाच्या जत्रेला आम्ही सगळे गेलो, कुणालीच्या घरी उतरलो. सासूनं विहीणबाईंना, त्यांच्या जावांना, शेजारणींना अंगणात गोळा केलं आणि यांना सांगितलं, डोळं मीट रे. यांना दिवसातून चार वेळा पडावं लागायचं. शेवटी जावई बोलले, आजी, मामांना जरा बैल तरी बघू द्या. लग्नात हसलेला तो माणूस जत्रेत भेटला. सासूनं त्याला घोंगड्यांच्या दुकानापुढं अडवलं आणि सगळा दाखला तोंडपाठ ऐकवला, बावन्न टक्क्यांसकट. तो बिचारा हात जोडून उभा राहिला, मग यांना जबरदस्तीनं उसाचा रस पाजला.

मुकादमाकडं ती एकटीच गेली. काय बोलली ते मला माहीत नाही. चार दिवसांनी त्यानं निरोप पाठवला, कुंडलिकदादांना बसून करायचं काम आहे, हजेरी बघायचं, या म्हणावं. पेन्शन त्याच पावसाळ्यात सुरू झाली. लावणीला हे बांधावर बसून मुठी बांधत होते तेव्हा बायाच मुठी न्यायला त्यांच्याकडं यायच्या आणि गप्पा मारायच्या. यांनी सांगितलं, खाली बघत बोललो तर राग मानू नका, मी हात बघतोय.

पाय मी रोज बघते. दिव्यापुढं धरून, बोटांच्या मधे सुद्धा. सासू बाजूला बसून मला सांगायची, नीट बघ, टाचेला बघ. आता यांना पहिल्यापेक्षा हळू चालावं लागतं, पण कोणी काही विचारत नाही. विचारलं तर हे स्वतःच सांगतात.

सासूबाई गोजर दोन हजार पंचवीस साली फाल्गुनात, होळीच्या आठ दिवस आधी, बुधवारी सकाळी वारल्या. आमच्या घरात, आमच्या हातचं पाणी पिऊन.